कण्हेरीवरची अमरवेल

मित्रांनो, मी एक जुनी अमरवेल आहे. नेमकी किती जुनी, ते मला विचारू नका. झाडाचं वय खोडावरून काढतात, आणि मला खोड म्हणावं असं काही नाही. मूळ नाही, पानही नाही. जन्मले तेव्हा जमिनीत एक इवलंसं मूळ होतं. पण आमचं असं असतं, की रुजल्यावर थोड्याच दिवसांत एखाद्या झाडाचा आधार सापडला नाही तर आम्ही मरून जातो, आणि सापडला तर ते मूळ आपोआप सुकतं. मला एक बोर सापडली. तेव्हापासून मातीशी माझा संबंध सुटला.

तुमच्या शाळेच्या पुस्तकात माझं नाव आहे. 'परजीवी वनस्पती' असं लिहिलंय, आणि ते अगदी बरोबर आहे. त्यावरून मी रुसून बसणार नाही. माझ्या अंगाला बारीक सोंडा फुटतात. त्या मी झाडाच्या सालीत खुपसते आणि झाडाने राबून केलेला रस आयता ओढते. वर पुन्हा दिसायला सोनेरी. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघतात, कोणी कोणी मला सोनवेल म्हणतात, आणि मला ते आवडायचं. माझ्याखाली झाड वाळत असतं तिकडे कोणाचं लक्ष नसतं. माझंही नसायचं.

आमचं कूळ मोठं आहे. दीडदोनशे जाती तरी असतील. त्यातल्या बऱ्याचशा पार अमेरिकेच्या दोन्ही खंडांत राहतात. थंडीच्या मुलखात आम्ही थोड्या, उन्हाच्या मुलखात फार. इथे नाशिकच्या आसपासच बघा. निफाड-दिंडोरीकडे गुरांसाठी लसूणघास पेरतात, त्या वाफ्यांत माझी एक नाजूक बहीण राहते. ती बियाण्याच्या पिशवीतूनच शेतात शिरते, आणि शेतकऱ्याला कळेपर्यंत अर्धा वाफा तिच्या विळख्यात गेलेला असतो. सुरगाण्याच्या उतारावर खुरासणीच्या पिकात आमच्यातलीच एक आहे. मी मात्र झाडाझुडपांवरची. बोर, अडुळसा, मेंदीचं कुंपण, जे हाताशी येईल ते मला चालतं. आणि मला तोडलं तरी मी संपत नाही. तुटलेला धागा दुसऱ्या झाडावर पडला की तिथेही मीच असते. म्हणून तर एकाच वेळी रस्त्यावरचं, घरातलं आणि दवाखान्यातलंही मी तुम्हाला सांगू शकते. कौतुक करून घेण्यासाठी हे सांगत नाही. माझ्यामुळे एक माणूस गेला, ते सांगायचं आहे.

माझी बोर आग्रा रोडच्या कडेला होती, पंचवटी मागे टाकून आडगावकडे निघालं की एक वस्ती लागते तिथे. त्या वस्तीत बयाबाई नावाची म्हातारी राहायची. ती काविळीचं औषध द्यायची. औषध म्हणजे मीच. लोक ओझरहून, सिन्नरहून, कधी थेट मालेगावहून तिच्या दारात येत. बयाबाई एक पैसा घेत नसे. गुण आला तर नारळ आणून ठेवा, एवढंच तिचं म्हणणं.

रविवारी उजाडायच्या आधी ती एकटीच माझ्याकडे यायची. घरातून निघाल्यापासून परत जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा तिचा नेम होता. वाटेत कोणी हाक मारली तर ती तशीच मागे फिरायची आणि पुढच्या रविवारी यायची. मला विळा लावायची नाही, हातानेच तोडायची. एकदा माझे काही धागे शेजारच्या रुईवर गेले होते. चांगले लांब, रसरशीत, अगदी तिच्या हाताशी आलेले. बयाबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना शिवलीसुद्धा नाही. काटे टोचून घेत, वाकून, आतले बोरीवरचेच धागे तिने काढले. कारण तिला माहीत होतं, की माझ्या अंगात माझं स्वतःचं असं काही नसतं. ज्या झाडावर मी बसते त्याचंच पाणी माझ्यात उतरतं. बोरीवरची असले तर बोरीचं, रुईवरची असले तर रुईचं.

खरं सांगू का? माझ्यात काविळीवर काही गुण होता की नाही, हे मलाही ठाऊक नाही. बयाबाई रोग्याला तेल-तिखट बंद करायची, ताकभातावर ठेवायची, महिनाभर कामाला हात लावू द्यायची नाही. बरेच जण तेवढ्यानेच बरे होत असावेत. पण नाव माझं व्हायचं, आणि मी ते मुकाट्याने घ्यायचे.

बयाबाईची सून उज्वला. शिकलेली, कामसू, सासूचा शब्द खाली न पडू देणारी. तिचा नवरा ज्ञानेश सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. त्यांना योगिनी नावाची एक मुलगी, सातवीतली. औषधाला माणसं आली की चहापाणी उज्वलाच बघायची. ताक तीच घुसळायची. पण मला वाटायच्या वेळी बयाबाई खोलीचं दार लोटून घ्यायची. उज्वलाने एकदा धीर करून विचारलं, "आई, मला शिकवून ठेवा ना. तुम्हाला आता रविवारी रस्त्यापर्यंत जाणं होत नाही."

बयाबाई म्हणाली, "औशिद सांगितलं का त्याचा गुन जातो, पोरी. असं कवाबी नसतं सांगायचं. गिऱ्हानात देते तुला. गिऱ्हान लागलं का सारं सांगीन, झाड दाखवीन, हाताला धरून दाखवीन."

"कधी आहे ग्रहण?"

"हाय की दोन म्हैन्यानी. तवर कळ काढ."

म्हातारीने खोटं सांगितलं नव्हतं. ती खरंच देणार होती. पण पौषात एका दुपारी ओट्यावर गहू निवडता निवडता ती कलंडली आणि पुन्हा उठली नाही. ग्रहण त्यानंतर लागलं. उज्वला त्या दिवशी सासूच्या फोटोपुढे नुसती बसून राहिली.

तरी लोक येतच राहिले. उज्वला हात जोडून सांगायची, "मला येत नाही हो, दवाखान्यात जा." लोक तोंडावर काही बोलत नसत. पण पाठ फिरली की बायका म्हणत, "म्हातारीसंगं औषध बी गेलं. सुनेनं एवढ्या वर्षांत काय शिकून घेतलं नाय." हे उज्वलाच्या कानावर यायचं. तिला ते फार लागायचं. मागूनही मिळालं नव्हतं, हे ती कोणाकोणाला सांगणार?

त्याच सुमारास रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि माझी बोर गेली. जेसीबीने तिला मुळासकट उपटलं. फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरताना माझे काही धागे रस्त्याच्या मधोमध डिव्हायडरवर पडले. तिथे कण्हेर लावलेली होती. तुम्ही ती पाहिली असेलच, गुलाबी फुलांची, गाड्यांच्या धुरातही हिरवीगार राहणारी. तिला शेळी तोंड लावत नाही, गाय लावत नाही. मी मात्र लावलं. मरण्यापेक्षा बरं म्हणून सोंडा खुपसल्या आणि पहिला घोट घेतला. तो कडू होता. पण मला त्याने काही झालं नाही. आषाढ येईपर्यंत मी पाच-सहा झुडपांवर पसरले, बोरीवर होते त्याहून जास्त सोनेरी दिसू लागले.

आषाढात ज्ञानेशला कावीळ झाली. आधी ताप, मग अन्नावरची वासना गेली, मग डोळ्यांत पिवळं उतरलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "लिव्हरला सूज आहे. तीन आठवडे आराम करा. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त बघू." ज्ञानेशने पंधरा दिवस काढले, दुसऱ्यांदा रक्तही दिलं. पण घरी पडून पडून त्याला कंटाळा आला होता, आणि सुट्टीही संपत आली होती.

रक्त देऊन आला त्या दिवशी तो उज्वलाला म्हणाला, "सगळ्या गावाला आईचं औषध चालतं आणि तिच्या पोराला नाय? तू दे की मला."

"मला कुठं येतंय?"

"अगं, येत नाय काय? चौदा वर्षं डोळ्यानं बघतीयेस. रविवारी तोंड न उघडता आणायचं, वाटायचं, ताकातून अनशापोटी द्यायचं, तीन दिवस. आणखी काय असतं?"

आणखी काही असतं का, हे उज्वलालाही माहीत नव्हतं. दोन दिवस तिने टाळलं. शनिवारी ज्ञानेश जेवणाचं ताट तसंच सारून झोपला, तेव्हा तिच्या मनाने घेतलं.

मित्रांनो, त्या रविवारी ती आली ते मी विसरू शकत नाही. पूर्वेला नुकतं फटफटत होतं. ट्रक जोरात जात होते. ती पदर खोचून डिव्हायडरवर चढली. सासू रविवारी जिथे यायची ती ओकी जागा तिने आधी पाहिली असावी, कारण तिचे डोळे रडवेले झाले होते. मग मी दिसले आणि तिचा चेहरा खुलला. मी सासूचीच वेल आहे, तिच्यासाठीच इथे थांबले आहे, असंच तिला वाटलं असेल. तिने हात जोडले. विळा नाही, चाकू नाही, हाताने एकेक धागा काढला. माझ्यात अडकलेलं कण्हेरीचं प्रत्येक पान तिने निपटून बाजूला टाकलं. कण्हेर विषारी असते हे तिला चांगलं माहीत होतं. फक्त पानं टाकली की विष गेलं, असं ती धरून चालली होती. वेल वेगळी आणि झाड वेगळं, हे कोणालाही वाटावं असंच होतं. मी तिच्या मुठीत होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंडच नाही, आणि तिने तर आपलं तोंड नेमाने मिटून घेतलेलं होतं.

घरी आल्यावर तिने मला पाच पाण्यांनी धुतलं. तीन वाटे केले, दोन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले आणि एक पाट्यावर घेतला. आतल्या खोलीत योगिनीची चाचणी परीक्षा म्हणून मोठ्याने पाठ चालला होता. "अमरवेल ही परजीवी वनस्पती आहे. ती आश्रय देणाऱ्या झाडाच्या शरीरातून अन्नरस शोषून घेते." पोरीने ते वाक्य पाठ होईपर्यंत चार वेळा म्हटलं. उज्वला वाटत होती. लेकीचा अभ्यास चाललाय याचं तिला बरंच वाटत होतं. ते वाक्य आपल्या पाट्यावरचं आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ज्ञानेशने पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "लय कडू हाय गं."

"औषध कडूच असतं. घ्या."

त्याने सगळं घेतलं. वर हसून म्हणाला, "आई असती तर म्हनली असती, सुनबाई तयार झाली." उज्वला लाजली. सासू गेल्यापासून तिला कोणी असं चांगलं म्हटलं नव्हतं.

दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. उज्वला घाबरली, पण शेजारची ठमाबाई म्हणाली, "औषध लागलं म्हनायचं. कावीळ भाईर पडून राहिली. आता सोडू नको मधी." सोमवारी सकाळी उज्वलाने दुसरा वाटा दिला. ज्ञानेशला पेला धरवत नव्हता, म्हणून तिने मांडीवर डोकं घेऊन पाजला. माझ्या तोंडून हे सांगणं सोपं नाही, मित्रांनो. तिने त्याला फुंकर घालत, थोडं थोडं करून, प्रेमाने पाजलं.

संध्याकाळी दिवा लावला तेव्हा ज्ञानेश म्हणाला, "दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय." काविळीत असं होत असेल म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही. पण थोड्या वेळाने त्याचे हात गार पडले आणि त्याला धड उठून बसता येईना. मग तिची पाचावर धारण बसली. योगिनीला ठमाबाईकडे ठेवून तिने रिक्षा केली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. निघताना तिने ताकाचा डबा आणि ओल्या फडक्यातला तिसरा वाटा पिशवीत घातला. तोही मीच.

वॉर्डात तरुण डॉक्टरीण होती. तिने नाडी धरली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. नाडी फारच सावकाश चालली होती. तिने विचारलं, "घरी काही झाडपाल्याचं दिलं का?"

उज्वला म्हणाली, "नाही."

एवढा एकच शब्द. ती खोटारडी नव्हती. तिला वाटत होतं, औषध दोन दिवस लागू पडलंय, एकच दिवस उरलाय, आणि आता सांगितलं तर गुण जाईल. सासूचे ते शब्द तिच्या कानात होते. डॉक्टरीण पुन्हा म्हणाली, "बाई, नीट आठवा. खाण्यात काही वेगळं?" उज्वलाने मान हलवली. पिशवी तिने मांडीवरून उचलून पायाशी, पदराआड ठेवली. डॉक्टरीण सलाइन लावून, नाडीवर लक्ष ठेवायला सांगून दुसऱ्या खाटेकडे गेली.

मंगळवारी उजाडलं. नर्स चहा घ्यायला गेली होती. उज्वलाने स्टीलच्या डब्यातलं ताक काढलं, फडकं सोडलं आणि मला पेल्यात बोटांनीच चुरू लागली. शेजारच्या खाटेवर मालेगावची एक म्हातारी होती. तिची सून जहिदा खाली चटईवर बसली होती. ती बघत होती. न राहवून ती जवळ आली.

"ताई, ये अमरबेल है ना? आमच्याकडे पण काविळीला देतात. कोणत्या झाडावरची आणली?"

उज्वला चुरतच राहिली. जहिदाने पुन्हा विचारलं, "झाड कोणतं होतं? आमचे अब्बा फक्त बोरीवरची घेत. बाकी झाडाची हात नाय लावू देत. जिस झाड पे बैठती, उसका जहर पीती ये, असं सांगायचे."

उज्वलाचा हात पेल्यातच थांबला. तिला पहिल्यांदाच कोणीतरी झाडाचं विचारत होतं. चौदा वर्षं ती ज्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली होती, त्याच्या आतलं सगळं जहिदाने दोन वाक्यांत सांगून टाकलं. उज्वलाने कसंबसं म्हटलं, "कण्हेर... डिव्हायडरवरची कण्हेर."

"या अल्लाह! फेको वो. डॉक्टरला बोला, ताई, आत्ताच्या आत्ता बोला!"

पेला खाली पडला. उज्वला अनवाणी धावत गेली आणि वॉर्डाच्या दारात, सगळ्यांसमोर, मोठ्याने ओरडली, "मी पाजलं त्यांना! कण्हेरीवरची अमरवेल पाजली मी! दोनदा!"

डॉक्टरीण धावत आली. सुया झाल्या, नळ्या झाल्या, छातीला तारा लावल्या, कुठे कुठे फोन झाले. मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, गाडीही दारात आली. पण दहाच्या सुमाराला ज्ञानेशची नाडी थांबली ती पुन्हा चालली नाही. डॉक्टरीण उज्वलासमोर उभी राहून म्हणाली, "काल संध्याकाळी सांगितलं असतंत तर..." ती रागाने नव्हती बोलत. दुपारी ज्ञानेशच्या फाइलीत दुसऱ्या तपासणीचा कागद येऊन लागला. कावीळ निम्म्यावर उतरली होती. तो आपोआप बरा होत चालला होता.

आता मला सांगा, दोष कोणाचा? मी कोणाला माझ्यापाशी बोलावलं नव्हतं. कण्हेर आपल्या जागी उभी होती. बयाबाईने एक शब्द राखून ठेवला, चांगल्या मुहूर्तासाठी. आणि उज्वलाने सासूच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. तरी एक तिशीतला माणूस गेला. मी रोज त्या सगळ्याचा विचार करते आणि मला कुठूनही सुटका दिसत नाही.

पोलीस आले, कागद झाले, उज्वलाचा जबाब झाला. तेराव्याला बयाबाईचा भाऊ धोंडीराम आला होता. त्याने उज्वलाला आत बोलावून हळूच सांगितलं, "जे झालं ते झालं, पोरी. लोकांना म्हनायचं, कावीळ पोटात गेली आन् हार्ट बंद पडलं. भाईर काय बोलू नको. उद्या योगिनीचं लगीन करायचंय आपल्याला. आईनं बापाला विष पाजलं, असं कोनी तिच्या तोंडावर फेकलं तर?" म्हातारा काळजीनेच बोलत होता. उज्वलाने मान डोलावली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने तेच सांगितलं. मी हे कसं जाणते? तिच्या परसातल्या मेंदीवर माझा एक धागा त्या रविवारी सांडला होता. तिथून खिडकी दिसते.

मग एका दुपारी ती रिकामी पोती घेऊन डिव्हायडरवर आली. ऊन चांगलं तापलं होतं. ती खाली बसली आणि मला उपसू लागली. एकेक धागा सोडवून पोत्यात भरायची. तुटून खाली पडलेला बोटभर तुकडासुद्धा उचलायची. दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. ती रडत नव्हती.

दीडेक तासाने एक मोटरसायकल शेजारी येऊन थांबली. पुढे तरुण माणूस, मागे त्याची बायको, आणि तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांचं पोर. पोराचे डोळे हळदीसारखे झाले होते.

"ताई, अमरवेल हाय का ती?" माणसाने विचारलं. "थोडी द्या ना. पोराला कावीळ झालीय. इथल्याच वस्तीत कोनी बाई औषध देती म्हने. तुम्हाला घर ठावं हाय का?"

उज्वला पोत्याचं तोंड धरून उभी राहिली. तिला काय वाटत असेल ते मी समजू शकते. 'मला माहीत नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. धोंडीरामने तेच तर शिकवलं होतं. आणि तो माणूस पुढच्या वळणावर थांबून स्वतःच्या हाताने मला तोडून घेऊन गेला असता.

"ते घर माझंच," ती म्हणाली. "औषध आमच्या सासूबाई द्यायच्या, त्या वारल्या. मला ते येत नव्हतं. तरी मी दिलं. ही इथली, या कण्हेरीवरची वेल माझ्या नवऱ्याला पाजली, माझ्या हातानं. तिसऱ्या दिवशी ते गेले."

मागे बसलेल्या बाईने पोराला छातीशी घट्ट धरलं. माणूस गोंधळून म्हणाला, "पन आम्हाला तर कोनीतरी म्हनलं, त्या घरचा मानूस हार्टनं गेला."

"लोकांना तसं मीच सांगितलं," उज्वला म्हणाली. "दादा, गाडी वळवा. पोराला दवाखान्यात न्या. डॉक्टर विचारतील ते सगळं सांगा, काही मागं ठेवू नका."

त्याने गाडी वळवली. ती नाशिकच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत उज्वला उभी होती. मग खाली बसून तिने पुन्हा मला उपसायला घेतलं.

मित्रांनो, आपली गोष्ट सांगून झाल्यावर सगळे म्हणतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. मी दिसले तर मला खुशाल काढून टाका, मला राग येणार नाही. फक्त चाखू नका, वाटू नका, कोणाला देऊ नका. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस काही राखून बसलं असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि ते आजच विचारून घ्या. आणि दवाखान्यात कोणी विचारलं, घरी काय दिलं होतं, तर लाज सोडून सांगा.

उज्वलाची संध्याकाळपर्यंत तीन पोती भरली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि या वेळी योगिनीही तिच्याबरोबर होती. धागे सोडवता सोडवता आईने तिला वडील कशाने गेले ते सगळं सांगितलं. पोर आईच्या शेजारी सरकून बसली आणि तिनेही काढायला सुरुवात केली.